संलयनाच्या आडवाटा : स्वतःची मोट स्वतःच बांधणारा प्लाझ्मा

गोदाकाठ (धागाकर्ती), सोमवार रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या कॉलनीत एक छोटं वाचन मंडळ आहे. पुढच्या महिन्यात तिथे तासभर बोलायचंय आणि विषय मी मागून घेतलाय : अणुसंलयन, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणं. समोर निवृत्त बँकवाले, दोन डॉक्टर, एक-दोन द्राक्षबागायतदार आणि अकरावी-बारावीची मुलं असतील.

तोकामाक समजावणं मला जमतं. मेदुवड्याच्या आकाराचं पोकळ भांडं, भोवती मोठमोठी चुंबकं, आत तापलेला प्लाझ्मा. भांड्याच्या भिंतीला तो लागू नये म्हणून चुंबकीय क्षेत्राने तो अधांतरी धरायचा. फ्रान्समध्ये कादाराश इथे आयटर नावाचा प्रचंड तोकामाक उभा राहतोय. १५ कोटी अंश तापमान, ५० मेगावॉट उष्णता आत घालून ५०० मेगावॉट बाहेर काढायचं उद्दिष्ट. त्याला बाहेरून वेढणारा सुमारे २९ मीटर उंचीचा आणि ३,८५० टनांचा क्रायोस्टॅट, म्हणजे चुंबकं गार राखणारं निर्वात भांडं, आपल्या शेजारी, गुजरातेत हजिऱ्याला तयार झाला, हेही सांगणार आहे. पण २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे तिथे ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांचं खरं इंधन पेटायला २०३९ उजाडेल.

मला बोलायचंय ते आडवाटांबद्दल. प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. तो हलला की प्रवाह, प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र, आणि ते क्षेत्र परत त्याच प्लाझ्माला वळवतं. योग्य ढकल दिली तर तो स्वतःच एक गाठ मारून बसतो, धुराचं वर्तुळ हवेत तरंगतं तसा. स्फेरोमॅक, एफआरसी (फील्ड रिव्हर्स्ड कॉन्फिगरेशन), रिव्हर्स्ड फील्ड पिंच ही सगळी यंत्रं या घराण्याची. बाहेरून साखळदंडांनी बांधण्यापेक्षा त्यालाच स्वतःची मोट बांधू द्यावी, ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

प्रश्न दोन. इतकी सुंदर वाट असताना जगाचा बहुतेक पैसा तोकामाककडेच का गेला? आणि ही ‘स्वतःची मोट’ नेहमीच्या माणसाला कशी समजावू? गणित न वापरता, पण खोटं न सांगता.

---

मिसळप्रेमी, सोमवार रात्री ९.५२

ताई, तोकामाक जर मेदुवडा, तर स्फेरोमॅक बटाटेवडा. मधलं भोक नाही. नाशिककर लगेच समजतील.

---

गोदाकाठ, सोमवार रात्री १०.०५

@मिसळप्रेमी, हे चक्क बरोबर आहे! स्फेरोमॅकमध्ये भांड्याच्या मधून चुंबकाचा खांब जात नाही. आतलं क्षेत्र मेदुवड्यासारखंच असतं, पण भांडं नुसता गोल डबा. हे घेतलं.

---

हिशेबनीस, सोमवार रात्री १०.३०

विषय चांगला आहे, पण श्रोत्यांना स्वप्न विकू नका अशी हात जोडून विनंती. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना होमी भाभांनी पुढच्या वीस वर्षांत नियंत्रित संलयनाचा मार्ग सापडेल असं भाकीत केलं होतं. भाभांसारखा माणूस चुकला, कारण प्लाझ्मा किती हट्टी आहे ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

दुसरं, आकडे सांगताना पूर्ण सांगा. ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत इंधनाच्या गोळीवर लेझरने २.०५ मेगाज्यूल टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळवले. मोठी गोष्ट, शंका नाही. पण ते लेझर पेटवायला ग्रिडमधून ३०० मेगाज्यूलच्या आसपास खर्च झाले होते. मी आयुष्यभर हिशेब तपासले. जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू एकाच वहीत पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही.

---

गांधीनगरी, सोमवार रात्री ११.१५

मूळचा नाशिकरोडचा, बरीच वर्षं गुजरातेत, प्लाझ्माच्याच कामात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पैसा तोकामाककडे गेला तो एका मोजमापामुळे. १९५० च्या दशकात सगळेच चाचपडत होते. इंग्लंडमध्ये हारवेलला झीटा नावाचं यंत्र होतं. जानेवारी १९५८ मध्ये मोठा गाजावाजा झाला, संलयनाची खूण असलेले न्यूट्रॉन सापडले, संलयन झालं! काही महिन्यांतच कळलं की ते न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्मातले नव्हते. इंग्रजांची फार मानहानी झाली. त्यामुळे १९६८ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत रशियनांनी आपल्या टी-३ तोकामाकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान गाठल्याचं सांगितलं, तेव्हा कुणी विश्वास ठेवेना. मग १९६९ मध्ये ऐन शीतयुद्धात इंग्लंडची तुकडी स्वतःची लेझर उपकरणं घेऊन मॉस्कोला गेली आणि मोजून आली. रशियन खरं बोलत होते. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळा तोकामाककडे वळल्या. आपला ‘आदित्य’ तोकामाक १९८९ चा, त्याच लाटेतला.

आणि वळल्या ते योग्यच होतं असं माझं मत आहे. त्या वेळी बाकी सगळी यंत्रं त्याच्या खूप मागे होती.

---

अंबड_स्विचगियर, मंगळवार सकाळी ७.२०

ताई, दुसऱ्या प्रश्नासाठी एक गोष्ट. तुमच्या मंडळात सातपूर-अंबडचे निवृत्त कामगार असतील तर त्यांना प्लाझ्मा नवा नाही. आम्ही रोज तोच विझवायचा धंदा केला.

ब्रेकर, म्हणजे प्रवाह तोडणारा मोठा स्विच, उघडतो तेव्हा दोन कॉन्टॅक्टमध्ये आर्क, म्हणजे ठिणगीची ज्योत, पेटतो. तो आर्क म्हणजे प्लाझ्माच. साध्या एअर ब्रेकरमध्ये तो स्वतःच्याच प्रवाहाच्या चुंबकीय बळाने पुढे ढकलला जातो आणि आर्क शूटच्या पत्र्यांमध्ये जाऊन तुकडे तुकडे होऊन विझतो. त्याला कुणी हाकलत नाही, तोच पळतो. व्हॅक्यूम इंटरप्टरमध्ये, म्हणजे जिथे कॉन्टॅक्ट निर्वात नळीत बंद असतात तिथे, तर गंमतच. कॉन्टॅक्टवर सर्पिल खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांमुळे प्रवाह वळसा घेत जातो, त्याचं क्षेत्र आर्कला गोल गोल फिरवतं आणि एकाच जागी धातू वितळत नाही. खाच आम्ही पाडली, पण फिरतो तो स्वतःच. आणखी एका जातीच्या कॉन्टॅक्टमध्ये क्षेत्र आर्कच्या लांबीच्या दिशेने असतं, तिथे तो पसरून शांत जळतो.

म्हणजे प्लाझ्माला धरून ठेवायचं नाही, त्याच्या स्वभावाप्रमाणे वाट काढून द्यायची, हे शॉप फ्लोअरवर पन्नास वर्षांपासून चालू आहे. शॉर्टसर्किट टेस्टनंतर वाकलेले जाड बसबार, म्हणजे प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या, मी हातात घेतलेत. प्रवाहाच्या चुंबकीय बळाची ताकद ज्याने ते पाहिलं त्याला वेगळी सांगावी लागत नाही.

---

गोदाकाठ, मंगळवार सकाळी ८.०२

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. मी दहा वर्षं शिकवतेय आणि माझ्या घरापासून चार किलोमीटरवर लोक रोज प्लाझ्मा हाताळतात हे कधी वर्गात सांगितलं नाही. एखादा जुना, कापलेला इंटरप्टर मुलांना दाखवायला मिळेल का?

---

अंबड_स्विचगियर, मंगळवार सकाळी ८.१०

भंगारातला, काच फुटलेला नसलेला शोधतो. आणून देतो.

---

रानवारा, मंगळवार दुपारी १.१५

थोडं विषयांतर. १९०५ मध्ये ऑस्ट्रेलियात एका तांब्याच्या पोकळ नळीवर वीज कोसळली आणि नळी हाताने चिमटून पिळल्यासारखी आत दबली. पोलॉक आणि बॅराक्लो या दोघांनी तपासून सांगितलं की विजेच्या प्रवाहाच्या स्वतःच्याच चुंबकीय बळाने ती चिमटली गेली. हाच तो ‘पिंच’. पावसाळ्यात अंजनेरीवर वीज कडाडताना मला दर वेळी ती नळी आठवते.

गोळ्याच्या विजेबद्दल कुणाला अनुभव? आमच्या इगतपुरीच्या आजीने घरात शिरलेला पेटता गोळा पाहिल्याचं सांगितलं होतं.

---

हिशेबनीस, मंगळवार दुपारी १.४०

आजीचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण त्यावरून संलयन भट्टीचा अंदाज बांधू नये.

---

चंद्रकोर, मंगळवार रात्री ९.१०

गोदाकाठताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या भाषेत आधीच आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

खरंच सांगते. मी गणिताची विद्यार्थिनी, एमएस्सीच्या प्रबंधात याच विषयाला हात लावला होता. प्लाझ्मातल्या चुंबकीय रेषा म्हणजे दोराचे पेड समजा. पेड एकमेकांभोवती किती गुंफलेत त्याचं एक मोजमाप असतं, त्याला हेलिसिटी म्हणतात. मी तिला पीळच म्हणते. आता प्लाझ्मात खळबळ माजली, रेषा जागोजागी तुटून नव्याने जुळल्या. ऊर्जा भराभर उष्णतेत जाते, म्हणजे सुंभ जळतो. पण एकूण पीळ जवळजवळ तसाच राहतो. या पेडाचा त्या पेडाला जातो, बेरीज बदलत नाही. मग प्लाझ्माला एकच मार्ग उरतो : आहे तेवढा पीळ सांभाळून कमीत कमी ऊर्जेची जी बैठक असेल ती घ्यायची. ती बैठक म्हणजेच त्याची ‘स्वतः बांधलेली मोट’.

हे १९७४ मध्ये जे. बी. टेलर यांनी मांडलं. आणि कशावरून सुचलं? @गांधीनगरी यांनी सांगितलेल्या त्याच बदनाम झीटावरून! त्या यंत्रात सुरुवातीच्या खळबळीनंतर प्लाझ्मा अचानक शांत व्हायचा आणि कडेचं चुंबकीय क्षेत्र आपोआप उलट दिशेला वळलेलं असायचं. कुणी उलटवलं नव्हतं. टेलरच्या सिद्धांतातून ते उलटणं सरळ बाहेर पडलं. ज्या यंत्राची नाचक्की झाली त्यानेच ही एवढी खोल गोष्ट शिकवली, यासाठी मला झीटाबद्दल माया आहे.

अशी क्षेत्रं गणितात आधीच आली होती. १९५७ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि केंडॉल यांनी ती ताऱ्यांच्या संदर्भात मांडली. आज स्फेरोमॅकच्या गणितात तीच सूत्रं वापरतात.

---

गोदाकाठ, मंगळवार रात्री ९.२५

चंद्रकोर, तुला काय देऊ? हा माझ्या भाषणाचा कणा झाला. म्हण ऐकली की सगळे हसतील आणि मग गप्प होतील.

---

गांधीनगरी, मंगळवार रात्री १०.५०

म्हण अप्रतिम बसते, पण सगळीकडे बसवू नका. स्फेरोमॅक आणि रिव्हर्स्ड फील्ड पिंच या दोघांना ती तंतोतंत लागू. एफआरसीला नाही. एफआरसीमध्ये लांब फेऱ्याचं, म्हणजे मेदुवड्याच्या गोलाईने फिरणारं, क्षेत्र जवळजवळ नसतंच, म्हणजे पीळ शून्याच्या आसपास. उलट, टोकियो विद्यापीठातल्या प्रयोगांमध्ये डाव्या पिळाचा एक आणि उजव्या पिळाचा एक असे दोन स्फेरोमॅक एकमेकांवर सोडले. पीळ एकमेकांना खाऊन गेले आणि उरला तो एफआरसी. जळालेल्या क्षेत्राच्या ऊर्जेने आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, तापले.

एफआरसी मग टिकतो कशावर? प्लाझ्माला वाहता द्रव मानणाऱ्या साध्या सिद्धांताप्रमाणे तो पटकन कलंडायला हवा. प्रयोगात मात्र तो गणितापेक्षा जास्त टिकतो. कारण त्यातले आयन मोठमोठ्या कक्षांमध्ये फिरतात, भोवरा फिरताना उभा राहतो तसं काहीसं. नॉर्मन रोस्टोकर यांनी नेमका हा धागा पकडला आणि १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी उभी राहिली, आजची टीएई.

एफआरसीचं खरं आकर्षण वेगळंच आहे. तोकामाकमध्ये चुंबकाने लावलेल्या दाबापैकी शंभरातले चार-पाच टक्केच प्लाझ्मा धरायला कामी येतात. एफआरसीत हे प्रमाण शंभराजवळ जातं. चुंबकाचा पैसा वसूल.

---

चंद्रकोर, मंगळवार रात्री ११.०५

सर, बरोबर. मी एफआरसीलाही त्याच दोरीने बांधायला निघाले होते. दुरुस्ती मान्य.

---

एकलहरेकर, बुधवार सकाळी ६.१५

मी एकलहरे औष्णिक केंद्रात तीस वर्षं होतो. २१० मेगावॉटच्या तीन संचांवर सगळ्या पाळ्या केल्या. मला प्लाझ्मातलं कळत नाही, वाफेतलं कळतं, म्हणून तेवढंच विचारतो.

आम्ही कोळसा जाळायचो, त्यातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर जायचा. बाकी सगळं कूलिंग टॉवर, धुराडं आणि राख. एक बॉयलर ट्यूब फुटली की संच बंद, भट्टी थंड होईपर्यंत थांबायचं, मग माणूस आत उतरणार. संलयनात शेवटी पाणीच उकळायचं असेल तर पुढचा सगळा संसार आमचाच की. मग तुमची ही स्वतः बांधलेली मोट त्यात काय फरक पाडते? आणि आत ट्यूब फुटली तर दुरुस्तीला कोण जाणार?

---

गांधीनगरी, बुधवार सकाळी ९.००

काका, या धाग्यावरचा सगळ्यात नेमका प्रश्न.

ड्युटेरियम-ट्रिटियमच्या प्रत्येक संलयनातून १७.६ एमईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जा निघते, त्यातली १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, म्हणून चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो भिंतीत घुसतो, भिंत तापते, पाणी उकळतं. तुम्ही म्हणता तोच संसार. शिवाय भिंत किरणोत्सारी होते, माणूस आत जाऊ शकत नाही, दुरुस्ती यंत्रमानवाच्या हाताने. मेदुवड्याच्या आकारात, चुंबकांच्या वेटोळ्यांमधून हात घालून काम करायचं म्हणजे किती कठीण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

एफआरसीचं यंत्र सरळ नळकांडं असतं. दोन्ही टोकं उघडी. भाग काढणं-घालणं सोपं. आणि इंधन असं निवडलं की बहुतेक ऊर्जा विद्युतभारित कणांमध्येच येईल, तर वाफेशिवाय वीज काढता येते. हेलिअन नावाची कंपनी वॉशिंग्टन राज्यात हेच करू पाहते. दोन टोकांकडून दोन एफआरसी सोडायचे, मध्ये आदळवायचे, चुंबकाने दाबायचे. संलयन झालं की प्लाझ्मा फुगतो, चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो, आणि त्या ढकलीतून वेटोळ्यात सरळ वीज. इंजिनाच्या पिस्टनसारखं, फक्त पिस्टन चुंबकीय. इंधन ड्युटेरियम आणि हेलियम-३, हेलियमचा हलका प्रकार. न्यूट्रॉन पूर्ण जात नाहीत, ड्युटेरियमची आपसातली अभिक्रिया ते काढतेच, पण कमी.

---

एकलहरेकर, बुधवार सकाळी ९.३५

म्हणजे टर्बाइन हॉलच नाही. तीस वर्षं तो आवाज ऐकला, अजून झोपेत ऐकू येतो. टर्बाइन नसलेलं वीज केंद्र बघायला मला आवडेल. समजावून सांगितलंत, आभार.

---

निफाडकर, बुधवार दुपारी २.२०

सगळं वाचतोय. बागेला पाणी द्यायला आम्ही रात्री दोनला उठतो, कारण थ्री फेज तेव्हाच येते. थंडीच्या दिवसांत, दव पडलेलं, पायाखाली काय आहे दिसत नाही. मला इतकंच सांगा, माझ्या हयातीत याची वीज पंपाला येईल का? वय ५२.

---

हिशेबनीस, बुधवार दुपारी ३.१०

@निफाडकर, दादा, तुमच्या प्रश्नासाठी मी काल बसून वाचलं.

हेलिअनने २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला, २०२८ पासून किमान ५० मेगावॉट वीज द्यायचा. तारीख जवळ आली आहे. पण त्यांच्या यंत्राने खर्चापेक्षा जास्त वीज काढल्याचं मी अजून कुठे वाचलेलं नाही. टीएईला तर प्रोटॉन आणि बोरॉन जाळायचेत. त्यातून तीन हेलियम केंद्रकं निघतात, मुख्य अभिक्रियेत न्यूट्रॉन नाही, बोरॉन मुबलक, ट्रिटियमची कटकट नाही. ऐकायला स्वर्ग. पण त्याला तोकामाकच्या कितीतरी पट जास्त, शंभर कोटी अंशांच्या वरचं तापमान लागतं. आणि बोरॉनवर पाच विद्युतभार असल्यामुळे इलेक्ट्रॉन त्याच्याजवळून जाताना क्ष-किरणांच्या रूपात ऊर्जा सांडत राहतात. १९९५ मध्ये टॉड रायडर यांनी एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं की ही गळती मिळकत खाऊन टाकू शकते. २०१९ मध्ये टीएईच्याच लोकांनी नव्या मोजमापांवर हिशेब फिरवला, तो थोडा बरा निघाला. थोडाच.

त्यांच्या यंत्राने साडेसात कोटी अंशांपर्यंत मजल मारल्याचं २०२२ मध्ये सांगितलं. मजल मोठी आहे, मुक्काम अजून लांब आहे. म्हणून माझं उत्तर : पंपासाठी सौर पॅनेलचा विचार आजच करा. संलयनाची वीज तुमच्या नातवाला मिळाली तर मी आनंदाने साखर वाटेन.

---

निफाडकर, बुधवार दुपारी ३.२५

सरळ उत्तर दिलंत, बरं वाटलं. सौर पंपाचा अर्ज केलाय, नंबर लागायचाय.

---

मिसळप्रेमी, बुधवार रात्री ८.४०

भूक लागली वाचता वाचता. या धाग्याचा कट्टा करू या, एखाद्या रविवारी सकाळी. तर्रीकडे बघत प्लाझ्मावर बोलू. गरम तेलाची तवंग स्वतःहून गोल होते, तेही स्वयंसंघटनच.

---

चंद्रकोर, बुधवार रात्री ८.५५

तवंग पृष्ठताणामुळे गोल होते! पण ‘कमीत कमी ऊर्जेची बैठक’ हे तत्त्व तेच. कट्ट्याला येणार.

---

गांधीनगरी, बुधवार रात्री ११.३०

ताई, तुमच्या भाषणात तोकामाक खलनायक होऊ नये म्हणून एक गोष्ट. १९८२ मध्ये जर्मनीत गार्शिंगला अ‍ॅसडेक्स या तोकामाकवर फ्रिट्झ वाग्नर काम करत होते. उष्णता वाढवत नेली आणि एका टप्प्यावर प्लाझ्माने अचानक कडेला स्वतःच एक बांध घातला. आतली उष्णता दुपटीच्या आसपास जास्त वेळ टिकायला लागली. कुणी तसा आराखडा केला नव्हता. त्याला एच-मोड म्हणतात. आयटरची सगळी भिस्त त्यावरच आहे. म्हणजे साखळदंडांच्या यंत्रातही सगळ्यात मोलाची गोष्ट प्लाझ्माने आपणहून दिली.

आणि आडवाटांची खरी अडचण काय तेही सांगा. चंद्रकोरने म्हटलेली खळबळ, रेषा तुटून नव्याने जुळणं, त्यातूनच प्लाझ्मा स्वतःला बांधतो. पण रेषा तुटतात तेव्हा त्यांच्या वाटेने उष्णताही बाहेर पळते. बांधणारी आणि गळणारी गोष्ट एकच. लिव्हरमोरच्या एसएसपीएक्स स्फेरोमॅकने फार मेहनतीने खळबळ कमी केली, तेव्हा कुठे पन्नास-साठ लाख अंश मिळाले. हवे होते पंधरा कोटी. प्रयोग २००७ मध्ये थांबला.

इटलीत पादुआच्या आरएफएक्स यंत्रात एक आशेची गोष्ट दिसली. प्रवाह वाढवत नेला तर रिव्हर्स्ड फील्ड पिंचचा प्लाझ्मा अनेक लहान खळबळी सोडून एकाच मोठ्या मळसूत्री आकारात बसतो आणि गळती कमी होते. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मी तेव्हा तिशीत होतो. तो आलेख पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही.

---

बारावी_शास्त्र, गुरुवार दुपारी ४.०५

मी सिडकोत राहतो, बारावीला आहे. हा धागा मोबाईलवर दोनदा वाचला. झॅप एनर्जी असं एक नाव वाचलं, ते चुंबकच वापरत नाहीत म्हणे. हे कसं शक्य आहे? आणि मला हे शिकायचं असेल तर काय करू?

---

गांधीनगरी, गुरुवार रात्री १०.१०

बाळा, रानवारा यांची चिमटलेली नळी आठव. सरळ प्रवाह प्लाझ्मातून सोडला की तो स्वतःला चिमटतो, बाहेरचं चुंबक नको. अडचण अशी की तो लगेच नागमोडी होऊन मोडतो. झॅपची युक्ती म्हणजे प्लाझ्माचे आतले आणि बाहेरचे थर वेगवेगळ्या वेगाने वाहते ठेवायचे. वाकडेपणा वाढायला लागला की शेजारचा थर तो विस्कटून टाकतो. २०२४ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनचं तापमान साधारण एक ते साडेतीन कोटी अंशांच्या पट्ट्यात मोजल्याचं प्रसिद्ध केलं. यंत्र एका खोलीत मावतं.

शिकण्याबद्दल : बीएस्सी भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी, काहीही चालेल. विद्युतचुंबकत्व मात्र मनापासून कर. गांधीनगरजवळ भाटला प्लाझ्मा संशोधन संस्था आहे, विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रकल्प असतात, संस्थेच्या संकेतस्थळावर बघत राहा.

---

अंबड_स्विचगियर, गुरुवार रात्री १०.४०

आणि सुट्टीत माझ्याकडे ये. ब्रेकर उघडून दाखवतो. वीज बंद करूनच.

---

गोदाकाठ, रविवार सायंकाळी ६.३०

मंडळी, काल घरी प्रयोग करून पाहिले. इतक्या जणांनी इतकं दिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला, चिमट्याचा. चॉकलेटच्या चांदीच्या दोन पातळ पट्ट्या उभ्या टांगल्या आणि दोन्हींमधून एकाच दिशेने बॅटरीचा प्रवाह क्षणभर सोडला. पट्ट्या एकमेकींकडे झुकल्या. क्षणभरच, कारण जास्त वेळ ठेवलं तर तापतात. मुलगी ओरडली, ‘आई, परत कर!’

दुसरा, धुराच्या वर्तुळाचा. पुठ्ठ्याच्या खोक्याला गोल भोक पाडलं, आत उदबत्त्यांचा धूर भरला, मागे थाप मारली. पहिली दहा वर्तुळं वाकडी गेली. भोकाची कड ब्लेडने गुळगुळीत केली, मग खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. कडेचा एवढासा खरखरीतपणा वर्तुळ मोडायला पुरतो, हे हाताने केल्यावर कळलं. हे एफआरसीसाठी वापरणार आहे. फक्त धुराला चुंबकीय क्षेत्र नसतं, हे त्याच क्षणी सांगणार. गांधीनगरी सर, तुमची एफआरसीची दुरुस्ती चिठ्ठीवर लिहून ठेवली आहे.

तिसरा सुंभाचा. रविवार कारंजावर एका जुन्या दुकानात खरा काथ्याचा सुंभ मिळाला. दोन्ही टोकं धरून पीळ भरत गेले आणि मग टोकं जवळ आणली. दोर मध्येच स्वतःभोवती वळून गुंडाळीत बसला. टोकं पुन्हा ताणली की गुंडाळी जाऊन पीळ परत दोरात. चंद्रकोर, पीळ कुठेच जात नाही, नुसता जागा बदलतो, हे तुझं वाक्य मी बोटांनी अनुभवलं. मग सुंभाचा एक तुकडा गॅलरीत ताटात ठेवून पेटवला. जळून राख झाली, आणि राखेत पेड न् पेड दिसत होते. फुंकर घालेपर्यंत तसेच होते.

एकलहरेकर काका, तुमचा प्रश्न मी भाषणाच्या शेवटी जसाच्या तसा विचारणार आहे, तुमच्या नावाने, परवानगी असेल तर. आणि हिशेबनीस, ३०० मेगाज्यूलचा आकडा फळ्यावर पहिल्या ओळीत असेल. माझं मन अजून आडवाटांकडेच ओढ घेतं, पण आता गळती कुठे आहे तेही दाखवून मग ओढ घेईन.

---

एकलहरेकर, रविवार सायंकाळी ७.०५

परवानगी कसली, मी स्वतःच येतो. किती वाजता आणि कुठे ते कळवा.

---

चंद्रकोर, रविवार सायंकाळी ७.१२

ताई, पेटवायला सुंभ जास्तीचा आणून ठेवा. लोक परत करायला लावतील.